बॅग भरलीत, फोन आवरलात का? पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी

गेल्या मे महिन्यात आमच्या मजल्यावरच्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाल्या. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आठवडाभर नुसती लगीनघाई. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, बाळंतशोपा, सगळं पाव-पाव किलोच्या पिशव्यांत बंद करून झालं. बॅग वजनकाट्यावर चार वेळा चढली आणि उतरली. तेवीस किलोच्या वर काटा गेला तर आधी कुठली पिशवी बाहेर काढायची हेही ठरलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी मी सहज म्हटलं, "काकू, फोन बघू जरा."

गॅलरीत अकरा हजारांवर चित्रं. त्यातली काकूंनी स्वतः काढलेली असतील-नसतील पाचशे. बाकी सगळी सुप्रभात, संकष्टीचे चंद्रोदय, कुणाच्या तरी प्रचाराचे व्हिडिओ, कुठल्याशा दंगलीतलं रक्ताळलेलं चित्रण, आणि मध्येच जावयाने कधीतरी पाठवलेले त्याच्या ग्रीनकार्डाच्या कागदांचे फोटो. बॅगेत काय आहे ते काकूंना तोंडपाठ होतं. फोनमध्ये काय आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. आणि परदेशच्या विमानतळावर अधिकारी बॅगेसारखाच फोनही उघडायला सांगू शकतात.

मी वकील नाही. एका कंपनीत लॅपटॉप आणि फोनच्या सुरक्षेचं काम करतो, आणि सोसायटीतलं कुणी परदेशी निघालं की ते माझ्याकडे येतं. ज्यांच्यावर खटला चालू आहे, ज्यांच्या नावाने लुकआउट सर्क्युलर, म्हणजे विमानतळावर अडवण्याची सूचना, निघालंय अशी शंका आहे, किंवा जे पत्रकारितेत-चळवळीत आहेत, त्यांनी हा लेख वाचून थांबू नये, वकिलाला गाठावं. बाकीच्यांसाठी, म्हणजे लेकीकडे निघालेले आईवडील, शिकायला निघालेली मुलं, कंपनीने 'ऑनसाइट' पाठवलेले इंजिनिअर यांच्यासाठी, पुढचं पुरेसं आहे.

कर नाही त्याला डर कशाला?

काकूंचं पहिलं वाक्य हेच होतं. म्हण जुनी आहे, खिशात फक्त स्वतःच्या वस्तू असायच्या तेव्हाची. आज काकूंच्या पर्समधल्या फोनमध्ये जावयाचे इमिग्रेशनचे कागद आहेत, लेकीचे सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत, भिशीच्या हिशेबाचे स्क्रीनशॉट आहेत आणि सोसायटीच्या ग्रुपवरच्या दोनशे जणांचे नंबर आहेत. यातलं काहीही दाखवायचं की नाही हे ठरवायला त्या दोनशे जणांना कुणी विचारणार नाही.

आणि कर दुसऱ्याचा, डर आपल्याला, असंही होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हार्वर्डला शिकायला निघालेल्या, लेबनॉनमध्ये राहणाऱ्या १७ वर्षांच्या एका पॅलेस्टिनी मुलाला बॉस्टनच्या विमानतळावरून परत पाठवलं. त्याने सांगितल्यानुसार, अधिकाऱ्याने त्याचा फोन आणि लॅपटॉप तपासला आणि जाब विचारला तो त्याच्या मित्रांनी लिहिलेल्या पोस्टबद्दल. त्याने स्वतः राजकारणावर काही लिहिलं नव्हतं. बराच गाजावाजा झाल्यावर वर्ग सुरू व्हायच्या आधी त्याला प्रवेश मिळाला. पण प्रत्येकाच्या पाठीशी हार्वर्ड नसतं.

घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून आकडाही सांगतो. अमेरिकेच्या सीमा विभागाने, म्हणजे सीबीपीने, २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ४७ हजार उपकरणं तपासली. त्या वर्षात आत आलेले प्रवासी होते ४२ कोटींच्या आसपास. दहा हजारांत साधारण एक. लाडू उघडून बघण्याची शक्यता यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

पहिली पायरी: व्हिसाच्या फॉर्मपासून

फोनची तपासणी विमानतळावर सुरू होते असं लोकांना वाटतं. अमेरिकेच्या बाबतीत ती डीएस-१६० फॉर्मपासूनच सुरू झालेली असते. २०१९ पासून त्या फॉर्ममध्ये मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात. जून २०२५ पासून शिक्षण आणि एक्सचेंजच्या व्हिसावाल्यांना, म्हणजे एफ, एम आणि जे, प्रोफाइल सगळ्यांना दिसेल असं ठेवायला सांगितलं गेलं. १५ डिसेंबर २०२५ पासून नोकरीच्या एच-१बी व्हिसावाले आणि त्यांच्या कुटुंबाचे एच-४ वालेही त्यात आले.

हा फॉर्म एजंटने भरला तरी खाली सही तुमची असते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा फॉर्म एका एजंटने भरला आणि इन्स्टाग्रामच्या रकान्यात 'नन' निवडून मोकळा झाला. मुलाचं खातं चांगलं चालतं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी लक्षात आलं म्हणून वाचला. खातं लपवणं हे एखाद्या वात्रट पोस्टपेक्षा फार महाग पडतं, कारण खोटी माहिती दिल्याचा ठपका एकदा बसला की पुढचे सगळे अर्ज त्याच दगडाला ठेचकाळतात. जुनी, विसरलेली खाती आठवून लिहून काढा. फेसबुकवर कॉलेजात असताना काय बरळलात ते स्वतः एकदा बघून घ्या.

आता मुंबईचं बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. अमेरिकेच्या वकिलातीत फोन आत नेऊ देत नाहीत, हे माहीत नसलेली माणसं रोज तिथे रांगेत दिसतात. बाहेर पैसे घेऊन बॅग आणि फोन सांभाळणारे असायचे. जून २०२५ मध्ये अशाच एका रिक्षावाल्याच्या कमाईची गोष्ट देशभर फिरली आणि मग पोलिसांनी तो धंदा बंद करायला लावला. गंमत म्हणून ती गोष्ट छान आहे. पण सीमेवरच्या अधिकाऱ्याला फोन दाखवावा का यावर तासभर वाद घालणारा माणूस तोच फोन अनोळखी माणसाच्या पिशवीत टाकून दोन तास आत जातो, हे मला झेपत नाही. सोबत कुणाला तरी न्या आणि फोन त्याच्याकडे द्या. कुणी नसेल तर फोन घरी ठेवा आणि पत्ता कागदावर लिहून घ्या.

आणि झेरॉक्सवाला! बँकेचं स्टेटमेंट, पासपोर्ट, आयटी रिटर्न, सगळं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून आपण प्रिंट काढतो आणि घरी येतो. ते तिथेच पडून असतं. पेनड्राइव्हवर न्या, किंवा प्रिंट झाल्यावर त्याच्यासमोरच त्याच्या फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून उडवायला लावा. तो कुरकुर करेल, पण उडवेल.

दुसरी पायरी: फोन आवरणं

यासाठी आठवडा हातात ठेवा. घाईत केलं की बॅकअप राहून जातो आणि नातवाच्या बारशाचे फोटो कायमचे जातात.

आधी बॅकअप. घरच्या लॅपटॉपवर किंवा हार्डडिस्कवर सगळं उतरवा आणि ती डिस्क घरीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलवर किंवा आयक्लाउडवर जात असतो. त्याला स्वतःचं कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन. तिथे जो पासवर्ड द्याल तो डायरीत लिहून घरी ठेवा. तो विसरलात तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही.

मग साफसफाई, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. फोटो डिलीट केला म्हणजे गेला असं नाही. आयफोनमध्ये तो 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस राहतो, आणि गूगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस. कचरापेटीही रिकामी करा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या इमेजेस फोल्डरमध्ये 'सेंट' नावाचं आणखी एक फोल्डर असतं, आपण पाठवलेल्या प्रत्येक चित्राची प्रत तिथे साठते. काकूंच्या फोनवर त्यात तीन वर्षांचा माल निघाला. चॅट 'आर्काइव्ह' करणं म्हणजे माळ्यावर टाकणं. वस्तू घरातच असते. 'चॅट लॉक'चंही तेच, कुलूप दिसलं की किल्ली मागणारच.

त्याच बैठकीत व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करून टाका, नाहीतर सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, पोचेपर्यंत गॅलरी पुन्हा भरते. राजकारणाचे, दंगलीचे आणि 'फक्त मोठ्यांसाठी'चे जे ग्रुप असतील (असतात, सगळ्यांच्या फोनवर असतात) त्यांतून बाहेर पडा. परत आल्यावर कुणीतरी पुन्हा घेतंच. आखाती देशात निघाला असाल तर हे जरा जास्तच गांभीर्याने घ्या. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ च्या सायबर कायद्याखाली अफवा पुढे ढकलणं, दुसऱ्याचे फोटो विनापरवानगी पसरवणं, गुन्हा लपवायला व्हीपीएन वापरणं, हे सगळं शिक्षेला पात्र आहे. आपल्याकडे जो मेसेज 'जसा आला तसा पाठवला' म्हणून खपून जातो तो तिथे खपेलच असं नाही.

यानंतर ज्या अ‍ॅपांची प्रवासात गरज नाही त्यांतून लॉगआउट व्हा. ऑफिसचा मेल, ड्राइव्ह, डिमॅट. अ‍ॅप फोनवर राहिलं तरी आत शिरायला पुन्हा पासवर्ड लागला पाहिजे. कारण पुढे येईल, पण थोडक्यात सांगायचं तर काही देशांचे नियम फोनच्या पोटात काय आहे एवढंच बघू देतात, दूरच्या सर्व्हरवरचं नाही.

ऑफिसचा लॅपटॉप सोबत असेल तर आयटी विभागाला आधी विचारा. बऱ्याच कंपन्या प्रवासासाठी कोरा लॅपटॉप देतात आणि तिथे पोचल्यावर कनेक्शन देतात. वकील, डॉक्टर, सीए यांनी पक्षकारांचे आणि रुग्णांचे कागद फोनमध्ये नेऊच नयेत. अमेरिकेच्या नियमांत वकील-पक्षकार पत्रव्यवहारासाठी वेगळी पद्धत आहे, पण ती लागू व्हायला तुम्हाला तिथल्या तिथे सांगावं लागतं.

फोन संपूर्ण कोरा करून न्यावा का, हा प्रश्न दर वेळी येतो. माझं मत, नको. साठीच्या बाईच्या फोनमध्ये एकही फोटो नाही, एकही चॅट नाही, हे कुणालाही खटकेल. घर आवरलेलं असावं, मोकळं नाही. घरच्या गणपतीचे फोटो, नातवंडं, परतीचं तिकीट, चार-पाच जणांची चॅट, एवढं असू द्या. जास्त काळजी असेल तर कपाटातला जुना फोन रीसेट करून त्यात गरजेपुरतं घाला आणि तो न्या. आणि तपासणीला बोलावल्यानंतर काहीही डिलीट करू नका. घरी केलेली आवराआवर ही आवराआवर असते; काउंटरसमोर केलेली पुरावा नष्ट करणं ठरू शकते.

तिसरी पायरी: कागद

फोन पाच दिवस तुमच्याकडे नसेल असं धरून चाला. जिथे उतरायचं तो पत्ता, दोन फोन नंबर, तिकीट, विमा, विद्यार्थ्यांचा आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद), भारतीय वकिलातीचा नंबर, हे सगळं छापील. बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येतात, तेव्हा एक कार्ड असं ठेवा जे ओटीपीशिवाय चालेल, आणि थोडे डॉलर. जीमेलचे बॅकअप कोड कागदावर लिहून पाकिटात. काकूंच्या बाबतीत मी हे सगळं एका वहीच्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं, त्यांनी ते देवाच्या फोटोमागे सरकवलं.

चौथी पायरी: उतरण्याआधी

विमान खाली यायला लागलं की फोन पूर्ण बंद करा. नुसता लॉक नाही. आजचे फोन आतला डेटा कुलूपबंद ठेवतात, पण एकदा पासकोड टाकून उघडला की त्या कुलपाच्या किल्ल्या फोनच्या मेमरीत राहतात, पुन्हा लॉक केला तरी. बंद करून चालू केल्यावर पहिला पासकोड टाकेपर्यंत मात्र बहुतेक सगळं बंद असतं. पोलिसांकडची आणि सीमा विभागांकडची फोन उघडणारी यंत्रं अशा बंद फोनपुढे जास्त अडखळतात.

बोट आणि चेहऱ्याचं अनलॉक घरूनच बंद करून निघा. बोट धरून टेकवता येतं, फोन तोंडासमोर धरता येतो, डोक्यातला आकडा मात्र सांगावा लागतो. ऐन वेळी आठवलं तर आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दोन-तीन सेकंद दाबा, पासकोड टाकेपर्यंत चेहरा चालत नाही. अँड्रॉइडवर पॉवर मेनूत 'लॉकडाउन' असतं. पासकोड सहा आकडी असेल तर लांब करा. जन्मसाल, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर नको. चार्जिंग मात्र असू द्या, कारण यंत्र खरंच फोन आहे हे बघायला चालू करून दाखवा म्हणू शकतात.

पाचवी पायरी: "प्लीज अनलॉक युअर फोन"

हे वाक्य ऐकलं तर आधी दोन गोष्टी मनात पक्क्या असू द्या: हा देश कुठला आणि या देशात मी कोण.

अमेरिका. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात सांगितलं की अटक केलेल्या माणसाचा फोन बघायलाही पोलिसांना वॉरंट लागतं. पण सीमा हा जुना अपवाद आहे, तिथे वॉरंटशिवाय तपासणी चालते, आणि फोनच्या बाबतीत हा अपवाद किती ताणायचा यावर तिथल्या वेगवेगळ्या न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. सीबीपीचा जानेवारी २०१८ चा आदेश दोन प्रकार करतो. साध्या तपासणीत अधिकारी फोन हातात घेऊन चाळतो. त्याला संशयाचं कारण लागत नाही. यंत्र जोडून आतलं उतरवून घेण्याला मात्र वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा लागतो, आणि वरिष्ठांची परवानगी. दोन्हींत फोन नेटवर्कपासून तोडायचा आणि फक्त फोनमध्ये असलेलंच बघायचं, असं तो आदेश सांगतो. म्हणून मघाशी लॉगआउट व्हायला सांगितलं. फोन ठेवून घेतला तर साधारणपणे पाच दिवसांपर्यंत, आणि त्याची पावती मिळते. उतरवून घेतलेली माहिती १५ वर्षांपर्यंत साठवली जाते, हे २०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडेन यांच्या पत्रातून लोकांसमोर आलं.

आता तुम्ही कोण. अमेरिकी नागरिकाला पासकोड दिला नाही म्हणून आत येणं नाकारता येत नाही. फोन अडकेल, वेळ जाईल. व्हिसावाल्याचं तसं नाही. नकार हा प्रवेश द्यायचा की नाही यात मोजला जाऊ शकतो, म्हणजे व्यवहारात पुढच्या विमानाने परत. त्यामुळे माझा सल्ला रुक्ष आहे: व्हिसावर असाल तर काउंटरवर शौर्य दाखवू नका. शक्यतो पासकोड सांगण्याऐवजी स्वतः टाकून द्या. "आय डू नॉट कन्सेन्ट, बट आय विल नॉट रेझिस्ट" असं शांतपणे म्हणता येतं, त्याने तपासणी थांबणार नाही, पण तुम्ही खुशीने दिलं नाही एवढी नोंद राहते. घाबरून खोटं बोलू नका. तिथे अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हाच वेगळा गुन्हा आहे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा.

ग्रीनकार्डवाले मधल्या पायरीवर आहेत, आणि आपल्याकडे असे आईवडील पुष्कळ: सहा महिने ठाण्यात, सहा महिने टेक्सासमध्ये. त्यांना परस्पर परत पाठवता येत नाही, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणीचा त्यांना हक्क असतो. कुणी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे सरकवला तर सही करू नका. तो आपणहून ग्रीनकार्ड सोडत असल्याचा कागद आहे. दमलेल्या, जेट लॅगमधल्या ज्येष्ठांना तो नेहमीच्या कागदांपैकी एक वाटतो.

अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. अमेरिकेची ही तपासणी तिथे अबूधाबीतच होते, न्यूयॉर्कला नाही. तुम्ही अजून अमेरिकेच्या भूमीवर नसता, त्यामुळे "मला जायचं नाही" म्हणून अर्ज मागे घेऊन परत फिरण्याची वाट तिथे तुलनेने मोकळी असते.

ब्रिटनचा कायदा मला सगळ्यांत कडक वाटतो. टेररिझम अ‍ॅक्ट २००० च्या सातव्या परिशिष्टाखाली अधिकारी कुठलाही संशय नसताना प्रवाशाला थांबवून सहा तासांपर्यंत प्रश्न विचारू शकतात, आणि उत्तर देणं, पासवर्ड देणं बंधनकारक असतं. न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. मुहम्मद रब्बानी या कार्यकर्त्याला हीथ्रोवर पासवर्ड नाकारल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरवलं गेलं. गप्प बसण्याचा हक्क तिथे चालत नाही. वकिलाशी बोलायची मागणी मात्र करता येते, जरूर करा. ही कलमं रोजच्या प्रवाशाला लावत नाहीत, हेही खरं.

न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून पासवर्ड न दिल्यास पाच हजार न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे, पण आधी अधिकाऱ्याला वाजवी संशय असावा लागतो. कॅनडात अधिकारी फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघतात. ऑस्ट्रेलियात फोन ठेवून घेऊ शकतात. चीनमध्ये जुलै २०२४ पासून राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांना उपकरणं तपासण्याचे लेखी नियम आहेत. युरोपात पहिल्यांदा जाणाऱ्याला ऑक्टोबर २०२५ पासून फोनपेक्षा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याच्या फोटोची नवी पद्धत भेटते.

सहावी पायरी: परत सहारला

आपल्या विमानतळावर परतल्यावर माणूस सैल पडतो. इथे कोण काय करू शकतं हे वेगवेगळं ओळखा. विमानतळाची सुरक्षा सांभाळणारी सीआयएसएफ बॅग आणि अंग तपासते. फोन ट्रेमध्ये ठेवायला सांगणं वेगळं आणि चॅट वाचणं वेगळं, ते त्यांचं काम नाही. इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्ट, व्हिसा आणि लुकआउट सर्क्युलर बघतो. खरे झडतीचे अधिकार कस्टम्सकडे, कस्टम्स अ‍ॅक्ट १९६२ खाली. ती कलमं लिहिली तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर झडती म्हणजे सोन्याची बिस्किटं आणि घड्याळं. आज तोच कायदा फोनपर्यंत ताणला जातो.

त्या कायद्यातली दोन-तीन कलमं मात्र प्रवाशाच्या बाजूची आहेत आणि ती कुणाला माहीत नसतात. कलम १०२ प्रमाणे तुमच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर "मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. झडतीला दोन पंच हवेत. बाईची झडती बाईनेच घ्यायची. कलम ११० खाली वस्तू आणि कागद जप्त होऊ शकतात, फोनही. जप्तीचा पंचनामा वाचून सही करा, त्यात फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख नंबर, तो चालू होता की बंद, हे लिहिलंय का बघा, आणि प्रत मागा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची वेळ आली तर "मला वाचून दाखवा" म्हणा. कलम १०८ खाली दिलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वापरला जातो, तेव्हा तिथे 'सांगून मोकळं होऊ' असा विचार करू नका. पोलीस झडती घेत असतील तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. तो हक्क कलम २१ मधून येतो, आणि ते कलम 'व्यक्ती' म्हणतं, 'नागरिक' नाही. तुमच्यासोबत आलेल्या परदेशी सुनेलाही तो लागू आहे. मग पासवर्ड द्यायचा की नाही? घटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. यावर निकाल एकाच दिशेचे नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे अशी साक्ष नव्हे असं म्हटलं, दिल्लीतल्या एका सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत दिलं. म्हणून इथे मी "नाही म्हणा" किंवा "द्या" असं सांगणार नाही. "कुठल्या कलमाखाली मागताय ते लिहून द्याल का?" हा प्रश्न नम्रपणे विचारा. साहेब म्हणा, आवाज चढवू नका, आणि तिथे शूटिंग करू नका, त्या हॉलमध्ये फोन वापरायलाच मनाई असते. भारतीय नागरिकाला भारतात येण्यापासून कुणी अडवू शकत नाही, तेव्हा घाई त्यांना असेल, तुम्हाला नको.

अटक झाली तर कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं घटनेने बंधनकारक केलंय. वकील परवडत नसेल तर १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे. स्त्रियांना आणि कोठडीतल्या कुणालाही ही मदत उत्पन्न न बघता मिळते.

एक वेगळाच खड्डा: सॅटेलाइट फोन. परदेशातून ट्रेकिंगसाठी स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी ट्रेकर लोकांची छोटी यंत्रंही त्यातच येतात. परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून सॅटेलाइट फोनवर बोलत आले होते, त्यामुळे मुंबईत या बाबतीत कुणी गंमत समजून घेत नाही.

सातवी पायरी: फोन परत मिळाल्यावर

फोन तुमच्या नजरेआड गेला असेल तर तो आता पूर्वीचा राहिला नाही असं समजा. दुसऱ्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग बँकेचा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि ओळखीचं नसलेलं काढून टाका. मग फोन फॅक्टरी रीसेट करून घरच्या बॅकअपवरून पुन्हा भरा. ज्यांची माहिती फोनमध्ये होती त्यांना कळवा, हे कुणी करत नाही.

त्याच रात्री सगळं लिहून काढा: वेळ, काउंटर, अधिकाऱ्याचं नाव किंवा बॅज नंबर, काय विचारलं, काय घेतलं. चार दिवसांनी निम्मं विसरतं. अमेरिकेत वारंवार बाजूला घेत असतील तर डीएचएस ट्रिप या नावाने तक्रारीची सोय आहे. परदेशात अडकलात तर भारतीय वकिलात आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल. भारतातल्या तपासणीबद्दल दहा रुपये भरून माहितीचा अधिकार वापरता येतो, मात्र डीआरआयसारख्या (तस्करी पकडणारं महसूल खातं) गुप्तवार्ता यंत्रणा या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांच्याकडून बहुतेक काही मिळत नाही.

काकूंचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अबूधाबीच्या काउंटरवर त्यांना बाजूला घेतलं. त्यांनी देवाच्या फोटोमागचा कागद काढून हातात धरला, फोन बंद होता. अधिकाऱ्याने फोनकडे पाहिलंही नाही. त्याला ती पिवळी पूड काय आहे ते हवं होतं. काकूंनी सांगितलं, "मेतकूट. फॉर राइस." त्याने दोनदा हुंगून पिशवी परत दिली.